साडेचार फुटी सापाला केवढे घर?

साप निघाला की आपल्या वस्तीत दोनच गोष्टी होतात. कुणी काठी शोधतो, कुणी हात जोडतो. पण साप हौसेने घरात आणतात, त्याच्यासाठी पेटी विकत घेतात आणि त्या पेटीची लांबी-रुंदी किती असावी यावर शास्त्रज्ञ वाद घालतात, असे सांगितले तर आपली आजी तोंडाला पदर लावून हसेल. इंग्लंड-अमेरिकेत मात्र हे नवे राहिलेले नाही. तिकडे साप घरात पाळतात, आणि पाळल्या जाणाऱ्या सापांत फार लोकप्रिय आहे तो कॉर्न स्नेक, म्हणजे मक्याचा साप.

या विषयावर लिहिण्याचे कारण एका वाचक भगिनीचे पत्र. त्यांचा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त इंग्लंडमधील लेस्टर शहरात बायको-मुलासह राहतो. भाचा बारा वर्षांचा. त्याने कॉर्न स्नेकचा हट्ट धरला आहे. दुकानात त्यांना दोन फुटी पेटी दाखवण्यात आली आणि "एवढी पुष्कळ झाली" असे सांगण्यात आले. भावजयीने वाचले होते की चार फुटी लागते. चार फुटी पेटीची किंमत आणि भाड्याच्या घरातली जागा पाहून भाऊ वैतागला आणि फोनवर बहिणीला म्हणाला, "ताई, आपण सात जण दहा बाय बाराच्या खोलीत वाढलो. काही बिघडलं का आपलं? मग सापाला कशाला महाल पाहिजे?" ताईंनी आम्हाला विचारले आहे की, यात बरोबर कोण, भाऊ की भावजय?

आमचे उत्तर भावजयीच्या बाजूचे आहे. परंतु भावाचा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही. त्याकडे आम्ही पुढे येणारच आहोत. आधी हा साप कोण ते पाहू.

कणगीजवळचा पाहुणा

नावावरून वाटेल की हा मका खात असावा. कोणताही साप धान्य खात नाही, आणि दूध हेही सापाचे अन्न नव्हे. नागपंचमीच्या दिवशी गारुडी वाटी पुढे करतो तेव्हा कित्येक दिवस तहानलेला तो जीव समोर येईल ते ओले पितो, एवढेच त्यातले सत्य. कॉर्न स्नेकचे नाव पडले ते मक्याच्या कोठारांवरून असे सांगतात. अमेरिकेतले शेतकरी कणसे लाकडी कोठारात साठवीत. तिथे उंदीर येत आणि उंदरांच्या मागे हा साप येई. आपल्याकडे कणगीच्या आसपास धामण दिसते, तसलाच प्रकार. काहींच्या मते त्याच्या पोटावरची काळी-पांढरी चौकट रंगीत दाण्यांच्या कणसासारखी दिसते, म्हणून हे नाव. दोन्ही गोष्टी पटण्यासारख्या आहेत.

त्याचे मूळ गाव अमेरिकेचा आग्नेय भाग. उत्तरेस न्यू जर्सीपासून दक्षिणेस फ्लोरिडापर्यंत आणि पश्चिमेस लुइझियानाच्या बाजूला तो आढळतो. लिनिअस या स्वीडनच्या शास्त्रज्ञाने १७६६ साली त्याला शास्त्रीय नाव दिले. हा साप बिनविषारी आहे. उंदीर, घुशीची पिले, पाखरे यांना तो अंगाच्या विळख्यात आवळून मारतो. रंग नारिंगी-तपकिरी, त्यावर काळ्या कडांचे लाल ठिपके. स्वभावाने शांत, म्हणून पाळणाऱ्यांचा आवडता.

पेटीच्या दृष्टीने त्याच्या तीन सवयी लक्षात ठेवाव्यात. एक, तो दिवसा सालीखाली, बिळात, पडक्या लाकडांत दडून बसतो आणि संध्याकाळी-रात्री फिरतो. दुसरी, तो चांगला चढणारा आहे. त्याच्या पोटाच्या खवल्यांच्या कडा झाडाच्या सालीत अडकतात, त्यामुळे उभ्या खोडावरही तो सरसर जातो. तिसरी, तो एकटा राहतो. दोन साप एका पेटीत ठेवले की "एकमेकांना सोबत" होत नाही. एकाच उबेच्या जागेसाठी आणि लपणासाठी दोघांवर ताण येतो, आणि एकाने दुसऱ्याला गिळल्याचे प्रकारही घडतात.

अंड्यातून निघालेले पिल्लू आठ ते बारा इंचांचे, पेन्सिलीपेक्षा थोडे लांब. दोन-तीन वर्षांत ते मोठे होते. पूर्ण वाढलेला कॉर्न स्नेक बहुधा साडेतीन ते पाच फुटांचा असतो, क्वचित सहा फुटांपर्यंत जातो. माणसाच्या देखरेखीखाली तो पंधरा-वीस वर्षे जगतो. म्हणजे आज बारा वर्षांचा असलेला भाचा बत्तीस वर्षांचा होईल, कदाचित त्याचे लग्न होईल, आणि साप तेव्हाही त्या पेटीत असेल. दुकानात उभे राहून पेटी निवडताना समोर पेन्सिलीएवढे पिल्लू असते, त्यामुळे हा वीस वर्षांचा हिशोब डोळ्यांपुढे येत नाही. बहुतेक चुकीच्या पेट्या याच क्षणी विकल्या जातात.

जुना आडाखा कुठून आला?

सापाची हौस करणाऱ्यांत पूर्वीपासून एक आडाखा चालत आला: पेटीची लांबी आणि रुंदी यांची बेरीज सापाच्या लांबीएवढी झाली की पुरे. अमेरिकेत वीस गॅलनची काचेची टाकी मोठ्या कॉर्न स्नेकला जन्मभर पुरते, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. ही टाकी मुळात माशांसाठी बनवलेली, अडीच फूट लांब आणि एक फूट रुंद. बेरीज केली तर साडेतीन फूट. म्हणजे साडेचार फुटी सापाला ती त्यांच्याच आडाख्याने अपुरी पडते. तरीही ती खपत राहिली, कारण ती बाजारात तयार मिळत होती, स्वस्त होती आणि टेबलावर मावत होती. माप सापाच्या अंगावरून ठरले नव्हते, दुकानाच्या फळीवरून ठरले होते.

दुसरीकडे पैदास करणारे व्यापारी. त्यांच्याकडे शेकडो साप. ते दवाखान्यातल्या औषधाच्या कपाटासारखी रॅक उभी करतात आणि एकेका प्लॅस्टिकच्या खणात एकेक साप ठेवतात. खण बाहेर ओढायचा, उंदीर टाकायचा, खण आत ढकलायचा. साप खातो, वाढतो, अंडी घालतो. यावरून त्यांचा दावा असा की, सापाला लहान जागाच आवडते. मोठ्या जागेत तो घाबरतो, खाणे सोडतो.

या दाव्यात थोडे खरे आहे म्हणूनच तो इतकी वर्षे टिकला. कॉर्न स्नेकला अंगाला चारी बाजूंनी टेकणारी अरुंद जागा आवडते, हे कुणीही पाळणारा सांगेल. मोकळ्या, उघड्या, रिकाम्या पेटीत पिल्लू ठेवले तर ते बिथरते, हेही खरे. परंतु बिथरते ते पेटी मोठी असल्यामुळे नव्हे, लपायला काही नसल्यामुळे. रानात त्याला केवढे मोठे आकाश असते, तिथे तो उपाशी मरत नाही. तिथे पावलोपावली साल, पाला, मुळे असतात. अरुंद कोपरा आवडणे आणि अरुंद कोपऱ्यात कोंडले जाणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. थंडीत आपण गोधडी डोक्यावरून ओढून घेतो. म्हणून कुणी ती चारी बाजूंनी शिवून टाकली तर चालेल का?

शास्त्रज्ञांनीही हा प्रश्न हाती घेतला. क्लिफर्ड वॉरविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात ६५ सापांचे निरीक्षण मांडले. प्रत्येक साप तासभर पाहिला, तेव्हा त्यांपैकी २४ साप सरळ किंवा जवळजवळ सरळ रेषेत पसरले. साप नेहमी वेटोळे करून बसतो, त्याला लांब व्हायची गरजच काय, या समजाला त्याने धक्का बसला. सापाचे शरीर पहा. कॉर्न स्नेकसारख्या सापात डावे फुप्फुस अगदी लहान राहिलेले असते, उजवे लांबलचक. आतडी, यकृत, सगळेच अंगाच्या लांबीत मांडलेले. असे शरीर जन्मभर घडी करूनच ठेवायचे, हे पटत नाही.

त्याहून आमच्या मुद्द्याला जवळचा प्रयोग इंग्लंडमधल्याच लिंकन विद्यापीठातल्या संशोधकांनी केला. तो २०२१ साली प्रसिद्ध झाला, आणि तो कॉर्न स्नेकवरच होता. साप लहान आणि मोठ्या अशा दोन मापांच्या पेट्यांत ठेवून पाहिले. मोठ्या पेटीत ते लांब सरळ पसरले आणि अधिक हिंडले-फिरले. नंतर त्यांना दोन्ही पेट्या मोकळ्या करून दिल्या, तेव्हा त्यांनी मोठी पेटी पसंत केली. इतकी वर्षे माणसेच आपसात भांडत होती की सापाला काय आवडते. सापालाच विचारण्याची युक्ती साधी, पण सुचायला वेळ लागला.

जर्मनीत तर १९९७ सालीच सरकारी तज्ज्ञांच्या अहवालात पेटीची मापे सापाच्या स्वतःच्या लांबीच्या पटीत देण्याची पद्धत घेतली गेली. साप जेवढा, पेटी त्या प्रमाणात. तयार टाकीवरून साप मोजायचा नाही, सापावरून पेटी मोजायची.

"आपण सात जण दहा बाय बारात वाढलो"

आता भावाचा प्रश्न. दहा बाय बारा म्हणजे एकशेवीस चौरस फूट आणि माणसे सात. मुंबईच्या बी.डी.डी. चाळीतली खोली एकशेसाठ चौरस फुटांची, आणि तिच्यात गावाहून आलेल्या पाहुण्यासकट दहा-बारा माणसांनी दिवस काढले. आमच्या वाचकांपैकी कितीतरी जण तिथूनच शिकले, नोकरीला लागले. भावाच्या बोलण्यात जो अभिमान आहे तो आम्हाला समजतो.

पण त्यांनी आठवून पाहावे की, त्या खोलीत आपण किती वेळ होतो? सकाळी पाणी भरायला नळावर. मग शाळा. दुपारी कॉमन गॅलरीत, जिन्यात. संध्याकाळी मैदानात, नाही तर गल्लीत विटीदांडू. अभ्यास विहारात किंवा रस्त्यावरच्या दिव्याखाली. उन्हाळ्यात झोपायला गच्ची. वडील पाळीवर, आई कामावर. सात माणसे एकाच वेळी त्या खोलीत असत ती फक्त रात्रीची जेवणे आणि पावसाळ्यातले दिवस, आणि त्या पावसाळी दिवसांत घरात कशी भांडणे होत तेही त्यांनी आठवावे. खोली लहान होती, पण तिला दार होते आणि दाराची कडी आतून होती.

सापाच्या पेटीला कडी बाहेरून असते. त्याची शाळा, मैदान, नळ, गच्ची, सगळे त्या चार भिंतींत. तो उठून शेजारी जाऊ शकत नाही. म्हणून दहा बाय बाराशी सापाच्या पेटीची तुलना करायचीच असेल तर त्या खोलीत सातही जणांना वीस वर्षे बाहेरून कडी लावून ठेवले असते तर काय झाले असते, अशी करावी लागेल. भाऊ स्वतःच याचे उत्तर देतील, असा आम्हाला विश्वास आहे.

शिवाय आपण त्या खोलीत वाढलो ते नाइलाजाने. परवडत असते तर आईवडिलांनी दुसरी खोली घेतलीच असती. साप पाळण्याचा कुणालाही नाइलाज नसतो.

ऊन आणि सावली

जागेचा प्रश्न फक्त अंग पसरण्याचा नाही. त्याहून मोठे कारण ऊब हे आहे, आणि दुकानात याविषयी क्वचितच कुणी समजावून सांगते.

माणसाचे शरीर आतून ऊब तयार करते. सापाचे करीत नाही. त्याला उबेसाठी उन्हात जावे लागते आणि गरम झाले की सावलीत यावे लागते. दिवसभर हेच त्याचे काम. उंदीर गिळल्यावर तर त्याला ऊब लागतेच. ती मिळाली नाही तर अन्न पचत नाही आणि तो ते ओकून टाकतो. म्हणून पेटीचे एक टोक उबदार लागते, साधारण २८ ते ३२ अंश सेल्सिअस, आणि दुसरे टोक थंड, २० ते २४ अंश. मधे हळूहळू उतरत जाणारी ऊब. साप स्वतःच्या गरजेप्रमाणे या टोकाहून त्या टोकाला ये-जा करतो.

दोन फुटी पेटीत हे जमवणे फार कठीण. एका टोकाला दिवा लावला की थोड्या वेळात सगळीच पेटी तापते. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी काय होते ते आमच्या वाचकांना सांगायला नको. या भिंतीला टेकलो काय अन् त्या भिंतीला टेकलो काय, पत्रा सगळीकडे सारखाच. माणूस निदान उठून झाडाखाली जातो. चार फुटी पेटीत एक टोक गरम असताना दुसरे टोक खरोखर थंड राहू शकते. लांबी लागते ती यासाठीही.

उबेचे साधन कोणतेही असो, त्याला थर्मोस्टॅट हवाच, म्हणजे ठरावीक अंशाला ते आपोआप बंद पडेल. त्यावाचून लावलेल्या चादरीने आणि दिव्याने साप भाजल्याची उदाहरणे आहेत. दोन्ही टोकांना एकेक तापमापक ठेवावा. काचेपेक्षा लाकडी पेटीत ऊब टिकते, म्हणून विजेचे बिलही आटोक्यात राहते. इंग्लंडात समोरून सरकत्या काचा असलेल्या लाकडी पेट्या मिळतात, त्या उत्तम. समोरून उघडणारी पेटी आणखी एका कारणाने चांगली. रानात सापावर झडप येते ती वरून, घारी-गरुडाची. वरून हात आला की तो दचकतो.

मोजमाप

साप कसा मोजावा? त्याला धरून ताणू नये. तो मोकळा पडलेला असताना अंगाच्या बाजूने दोरी धरावी किंवा वरून फोटो काढून शेजारच्या फूटपट्टीशी ताडून पाहावे. कात मोजून साप मोजू नये. कात निघताना ताणली जाते, त्यामुळे ती सापापेक्षा बरीच लांब भरते. गावाकडे "सात फुटी कात सापडली" म्हणून जी घबराट होते, तिच्यातला एखादा फूट असाच आलेला असतो.

आता माप. पूर्ण वाढलेल्या कॉर्न स्नेकला चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच, यापेक्षा लहान पेटी घेऊ नये असे आमचे मत आहे. तिकडच्या दुकानात हे माप १२०० बाय ६०० बाय ६०० मिलिमीटर असे लिहिलेले असते. मुलांनी इथे शाळेतले गणित वापरून पाहावे. चार आणि दोन फूट बाजूंच्या आयताचा कर्ण किती? चारचा वर्ग सोळा, दोनचा वर्ग चार, बेरीज वीस, वीसचे वर्गमूळ ४.४७. म्हणजे साडेचार फुटी साप या पेटीत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कसाबसा सरळ पडू शकतो. दोन फुटी पेटीचा तळ दोन बाय एक धरला तर कर्ण येतो सव्वादोन फूट. तिथे तो जन्मात एकदाही सरळ होणार नाही. साप पाच फुटांचा झाला तर पेटीही पाच फुटांची हवी. इंग्लंडमधली प्राण्यांसाठी काम करणारी आर.एस.पी.सी.ए. ही जुनी संस्थाही सापाला पूर्ण लांब होता येईल अशीच पेटी असावी असे सांगते.

उंचीकडे दुर्लक्ष करू नये. हा चढणारा साप आहे. दोन फूट उंचीत एक जाडसर फांदी तिरकी, पक्की बसवली की त्याला जणू माळा मिळाला. फांदी हलत असेल तर ती त्याच्यावर पडेल, एवढे पाहावे.

चार बाय दोन म्हणजे आठ चौरस फूट. आपली साधी लोखंडी खाट सहा बाय तीन, म्हणजे अठरा चौरस फूट धरते. खाटेच्या निम्म्याहून कमी. शिलाई मशीन मांडायला लागते त्याहून थोडी जास्त. भाड्याच्या घरात ही जागा निघत नसेल तर साप आणू नये. पेटी लहान करणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

खर्चाचे म्हणाल तर आधी दोन फुटी, मग तीन फुटी, मग चार फुटी अशा तीन पेट्या घेण्यापेक्षा एकच मोठी घेणे शेवटी स्वस्त पडते. वापरलेली पेटीही चालेल. मात्र ती जंतुनाशकाने धुऊन, फटी-सांधे साफ करून पूर्ण वाळवावी. सापाच्या अंगावरच्या गोचिडीसारख्या बारीक किडी फटींत लपून राहतात.

पिल्लाला मोठी पेटी चालते का? चालते, पण ती भरलेली हवी. उबदार टोकाला एक आणि थंड टोकाला एक अशी दोन लपणे ठेवावीत, पिल्लाच्या अंगाबरोबर, घट्ट. नारळाची करवंटी कडेला खाच पाडून पालथी घातली तरी पिल्लाला मानवते. मधे सालीचे तुकडे, प्लॅस्टिकची पाने, चुरगळलेला कागद इतका असावा की या टोकाहून त्या टोकाला पिल्लू उघड्यावर न येता जाऊ शकेल. ज्यांना एवढी खटपट नको त्यांनी पहिले काही महिने लहान पेटीत ठेवावे, पण मोठी पेटी आधी घेऊन मग. "नंतर घेऊ" म्हटलेली पेटी येत नाही, हा सगळीकडचा अनुभव आहे. खाली अस्पेन नावाच्या लाकडाचा भुसा घालतात. देवदारासारख्या वासाच्या लाकडाचा भुसा सापाला बाधतो. पाण्याचे भांडे जड आणि अंग बुडवून बसता येईल एवढे असावे.

फटींविषयी एक ताकीद. जिथून सापाचे डोके जाते तिथून सगळा साप जातो. पिल्लाचे डोके केवढे ते पाहून काचांमधली फट तपासावी आणि कुलूप लावावे. शेजाऱ्यांच्या न्हाणीघरात साप निघाला तर तो बिनविषारी आहे हे समजावायला वेळ मिळत नाही.

कायदा काय म्हणतो?

इंग्लंड आणि वेल्समध्ये २००६ सालचा प्राणी कल्याण कायदा आहे, आणि तो पाळीव सापालाही लागू होतो. त्यात पाळणाऱ्यावर पाच गोष्टी पुरवण्याची जबाबदारी आहे: योग्य निवारा, योग्य अन्न, स्वाभाविक वागणूक करता येण्याची सोय, गरजेप्रमाणे सोबत किंवा एकांत, आणि वेदना-आजारापासून संरक्षण. पेटी किती फुटांची असावी हे कायद्यात लिहिलेले नाही. परंतु चढणाऱ्या, फिरणाऱ्या सापाला स्वाभाविक वागता आले पाहिजे, हे लिहिलेले आहे. याच कायद्याप्रमाणे सोळा वर्षांखालील मुलाला प्राणी विकणे हा गुन्हा आहे. म्हणजे भाच्याचा हट्ट असला तरी साप विकत घेणारे आणि कायद्याने जबाबदार असणारे त्याचे आईवडीलच. हे भावाने आणि भावजयीने दोघांनीही ध्यानात घ्यावे.

इकडच्या मुलांसाठी

मोबाईलवर गोरी मुले गळ्यात साप घालून हसताना दिसतात, आणि आपल्या मुलांनाही तसे करावेसे वाटते. त्यांना घरच्यांनी दोन गोष्टी सांगाव्यात. पहिली, नाग, धामण, अजगर हे आपले साप वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. त्यांना पकडणे, डब्यात किंवा बरणीत ठेवणे गुन्हा आहे. साप घरात शिरला तर लांब उभे राहून वनविभागाला किंवा माहितीतल्या सर्पमित्राला कळवावे. आणि बिनविषारी ओळखण्याची परीक्षा हाताने घेऊ नये. मण्यार आणि कवड्या यांत जाणत्यांचीही गल्लत होते.

दुसरी गोष्ट बाहेरून येणाऱ्या सापांची. जानेवारी २०२३ मध्ये चेन्नई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या बेवारस सामानात ४५ बॉल पायथन, ३ मार्मोसेट माकडे, ३ स्टार कासवे आणि ८ कॉर्न स्नेक सापडले. प्रवासाच्या बॅगेत कोंबलेले. पेटी दोन फुटी की चार फुटी हा वाद त्या आठ सापांच्या वाट्याला आलाच नाही. हौशी गिऱ्हाईक आहे म्हणून अशा बॅगा भरल्या जातात. इंग्लंडात कॉर्न स्नेकची तिथेच पैदास होते, पावती मिळते, सापाचा आजार जाणणारा डॉक्टर मिळतो. आपल्याकडे सापाचा दवाखाना शोधायला किती वणवण करावी लागेल याची कल्पना करावी. आमचे स्पष्ट मत असे की, इकडे कुणी हा नाद करू नये.

पेटी घरी आल्यावर

पेटी आणि साप एकाच दिवशी घरी आणू नयेत. आधी पेटी मांडावी, थेट ऊन येणार नाही आणि टीव्हीचा, दाराचा दणका बसणार नाही अशा भिंतीला. थर्मोस्टॅट लावून आठवडाभर रिकामीच चालवावी आणि दोन्ही टोकांचे अंश सकाळ-रात्र वहीत लिहावेत. हे काम भाच्याला द्यावे. आकडे स्थिर दिसले की मग साप आणावा. दुकानातून घेताना तो साप तिथे खातो आहे ना, किती दिवसांनी आणि केवढा उंदीर घेतो, हे लिहून मागावे. तिकडे गोठवलेले उंदीर मिळतात. ते पूर्ण वितळवून, कोमट करून चिमट्याने द्यायचे. जिवंत उंदीर सापालाच चावतो.

आणल्यावर पाच ते सात दिवस त्याला हात लावू नये, कितीही मोह झाला तरी. पाणी बदलावे, एवढेच. पहिला उंदीर त्यानंतर द्यावा, आणि उंदीर खाल्ल्यावर पुन्हा दोन दिवस उचलू नये. सापाला किंवा पेटीला हात लावला की दर वेळी साबणाने हात धुवावेत. सापाच्या अंगावर जुलाबाचे साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात, आणि घरात लहान मूल असेल तर याची काळजी दुप्पट घ्यावी. पेटीची भांडी स्वयंपाकघराच्या मोरीत धुवू नयेत.